शेपटीकडचा तुकडा

७ डिसेंबर २०२५, रविवार. सकाळी ८.

आजपासून रोजनिशी. चांगल्या गोष्टींची नोंद वेळेवर झालेली बरी.

काल डॉक्टरांनी चांगुणाला घरी सोडलं. केमो बंद. पुढची तारीख दिली नाही. म्हणाले, आता घरीच ठेवा, पथ्य काही नाही, जे आवडेल ते खाऊ द्या. मी पाटबंधारे खात्यात तेहतीस वर्षं आवक-जावक सांभाळली. काम संपल्याशिवाय फाईल बंद होत नाही, एवढं मला कळतं. मनाली लिफ्टमध्ये रडली. मनाली म्हणजे आमची मुलगी, आईसाठी पुण्याहून आली आहे, ऑफिसचं काम इथूनच करते. आनंदानंही माणूस रडतो.

आता राहिला फक्त अशक्तपणा. वजन ४१. ती खात नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे. खायला लागली की झालं. हा विषय मी स्वतः हातात घेतला आहे.

९ डिसेंबर, मंगळवार.

विचारलं, काय खावंसं वाटतं. म्हणाली, काही नको, तुम्ही जेवलात का. मुद्द्याचं उत्तर नाही.

विचारायची गरजही नाही म्हणा. चौतीस वर्षांचा संसार आहे, तिची आवड मला पाठ आहे. मासे. तिचं माहेर देवळ्याकडे, गिरणेच्या काठी. लग्नानंतर पहिल्यांदा गेलो तेव्हा शिंगाळ्याचा रस्सा होता. शिंगाळा म्हणजे मिशा असलेला मासा. खवले नाहीत, काटे कमी, रस्सा गोड. नवी नवरी असून तिनं तीनदा रस्सा घेतला आणि तिचा भाऊ केरू हसून हसून लोळला. मी विसरलेलो नाही.

पुढे दर रविवारी मी मासे आणायचो, ती करायची. मी आधी जेवायचो, ती मागून. पण शेपटीकडचा तुकडा मी आठवणीनं तिच्यासाठी कढईत ठेवायचो. कधी उरला नाही.

ऑगस्टपासून घरात मासा शिजलेला नाही. चूक तिथेच झाली.

निर्णय: शिंगाळा. बाजारातला बर्फातला नको. ताजा, मी स्वतः धरलेला.

१२ डिसेंबर, शुक्रवार.

रॉड आला. रील, गळ, शिसं, सगळा सेट. मनाली म्हणाली, पप्पा, तुम्ही आयुष्यात कधी मासा धरलाय का. नाही धरला. पण जिल्ह्यातल्या सगळ्या धरणांचे पाणीसाठे मला तोंडपाठ होते. मासे त्याच पाण्यात राहतात.

युट्यूबवर चार व्हिडिओ पाहिले. सोपं आहे. नाताळच्या आत शिंगाळा.

चांगुणा: पेज दोन चमचे. चहा अर्धा कप.

१४ डिसेंबर, रविवार.

इंदिरानगरहून ॲक्टिव्हावर भगूरच्या पुढे, दारणेच्या काठी. सात वाजता पाण्यावर धूर. हात गारठले. पहिला गळ माझ्याच स्वेटरला लागला. दुसरा बाभळीला. बाभूळ पाण्याच्या अगदी जवळ आहे, कोणाचंही झालं असतं.

तिथे एक झुंबर म्हणून म्हातारा भेटला. ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकतो. रॉड हातात घेऊन पाहिला, परत दिला. म्हणाला, साहेब, काठी लय भारी हाय, पण थंडीत मासा तोंड उघडत नाय. पोटात असलं तरी खात नाय. होळीच्या अंगाला या.

होळीपर्यंत कोण थांबणार. आणि थंडीत खात नाही ही सबब झाली. नीट, आवडीचं दिलं तर कोणीही खातं.

१७ डिसेंबर, बुधवार.

आमिष नं. १. कणीक, शेंगदाण्याची पेंड, गूळ, बडीशेप. हे कटला आणि रोहूसाठी. आधी हात बसावा म्हणून. मळताना घरभर छान वास सुटला. चांगुणानं विचारलं, कोणाचा वाढदिवस आहे.

दुपारी दारणेवर. चार तासांत सहा गोळ्या गेल्या. मासा लागला नाही, पण गोळ्या खाल्ल्या. म्हणजे आवडल्या. झुंबर म्हणाला, पाण्यात विरघळल्या. तो कोणालाच श्रेय देत नाही.

चांगुणाला गुळाचा शिरा करून नेला. एक चमचा तोंडात धरला, मग हळूच रुमालात काढला. तोंडात धरला हे महत्त्वाचं.

२१ डिसेंबर, रविवार.

आमिष नं. २, खास शिंगाळ्यासाठी. व्हिडिओवाला म्हणतो, मिशीवाले मासे वासावर येतात, वास जितका उग्र तितकं बरं. कोंबडीची आतडी, काळीज, हिंग, लसूण. मिक्सरमधून काढून बरणीत, गॅलरीत उन्हाला. तीन दिवस ठेवायचं.

२३ डिसेंबर, मंगळवार.

सोसायटीच्या ग्रुपवर ड्रेनेजबद्दल एकोणीस मेसेज. मीही लिहिलं, कमिटीनं ताबडतोब लक्ष घालावं.

चांगुणाला दुपारी उलट्या. चार वेळा. पोटात काही नसताना. गारठा बाधला असावा.

२४ डिसेंबर, बुधवार.

गारठा नव्हता. बरणी होती.

मनालीनं ती खाली नेऊन टाकली आणि मिक्सरचं भांडंही टाकलं. माझ्याशी बोलली नाही. चांगुणाच तिला म्हणाली, त्यांना बोलू नकोस, माझ्यासाठीच करताहेत. मी बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसलो. हात साबणानं सात वेळा धुतले. वास जात नाही.

संकल्प: घरात काहीही कुजवायचं नाही.

३१ डिसेंबर, बुधवार.

नाताळच्या आत जमलं नाही. हवामान. नवीन तारीख: संक्रांत.

आज चांगुणाला बरं वाटत होतं. उशा लावून बसली. म्हणाली, हे नेमकं काय चाललंय तुमचं. सगळं सांगितलं. रॉड, पेंड, बाभूळ. ती हसली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. मग खोकला आला म्हणून थांबावं लागलं.

म्हणाली, शिळी बाजरीची भाकरी घ्या, तिच्यात लसूण ठेचा, थोडं तेल, आणि हातानं मळत राहा, अंगाची ऊब लागली पाहिजे. आणि हाताला साबण लावू नका. साबणाचा वास आला की मासा फिरकत नाही. लहानपणी ती आणि केरू गिरणेच्या डोहात गळ टाकायचे. केरूपेक्षा तिलाच जास्त लागायचे म्हणे.

हे मला माहीत नव्हतं. म्हटलं, कधी बोलली नाहीस. म्हणाली, तुम्ही कधी विचारलं नाहीत.

गावाकडच्या समजुती आहेत. साबण आवश्यकच आहे. पण ती हसली, ते लिहून ठेवतो.

४ जानेवारी २०२६, रविवार.

दारणा. आमिष नं. ३, सोयाबीन आणि व्हॅनिला इसेन्स. काही नाही.

येताना गेटवर वॉचमन गोरक्षनं अडवलं. म्हणाला, काकू बऱ्या कधी व्हायच्या, आमचा रविवार सुना जातोय. आमच्या रविवारचा आणि त्याचा काय संबंध ते कळलं नाही. दिवसभर एकटं बसून ही माणसं काहीही बोलायला लागतात.

चांगुणा: डाळीचं पाणी तीन चमचे. प्रगती.

११ जानेवारी, रविवार.

मनाली आज म्हणाली, पप्पा, दारणेवर जाण्यापेक्षा आईजवळ बसा. तिला कळत नाही. जवळ बसून कोणी बरं होत नसतं, काहीतरी करावं लागतं.

माझंच उदाहरण. २०१४ साली हार्टचा प्रॉब्लेम झाला. दोन स्टेंट, अकरा दिवस आयसीयू. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी केवळ विल पॉवरवर उठलो, हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. चांगुणा त्या वेळी वणीला जाऊन गडावर पायऱ्या चढून देवीला भेटून आली. मी म्हटलंही होतं, उगाच पाय दुखवून घेतलेस. मी देवाधर्माचं फार मानत नाही.

तीच विल पॉवर आता तिच्यात आणायची आहे. शिंगाळा हे फक्त निमित्त.

१८ जानेवारी, रविवार.

संक्रांत गेली. तिळाची वडी तिनं हातात घेतली, गोड बोला म्हणाली, आणि माझ्याच हातावर ठेवली.

दारणेवर एक चिलापी लागला. बोटाएवढा. झुंबर म्हणाला, सोडा त्याला, तुमची अब्रू जाईल. सोडला.

वजन ३६. काटा बदलायला हवा.

२१ जानेवारी, बुधवार.

नवीन काटा आणला. ३६.

रात्रीपासून तिला उठून बसता येत नाही. पाठीला तेल लावताना मणके हाताला लागतात. मी मोजत होतो असं नाही, पण मोजले गेले. मग तेल सांडलं म्हणून गॅलरीत गेलो आणि रडलो. तेलासाठी कोणी रडत नाही, हे मलाही कळतं.

२५ जानेवारी, रविवार.

गेलो नाही. जवळ बसलो. तिनंच विचारलं, आज मासे नाहीत का. म्हटलं, आमिषच जमत नाही. म्हणाली, भाकरी आणा.

मनालीनं कालची बाजरीची भाकरी आणली, लसूण ठेचून दिला. चांगुणानं पडल्या पडल्या ताटली पोटावर ठेवली आणि मळायला लागली. अर्धा तास. मध्ये थांबायची, डोळे मिटायची, पुन्हा मळायची. लिंबाएवढा एक गोळा झाला. ओल्या फडक्यात बांधून दिला. म्हणाली, एवढाच झाला, जपून वापरा. आणि साबण नका लावू.

लावला नाही.

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०.

आठवडाभर गोळा फ्रिजमध्ये. रोज फडकं ओलं करत होतो. आज थंडी कमी.

लागला! चांगुणाच्या गोळ्याची तिसरी चिमूट. दोरी, झुंबर तिला तंगूस म्हणतो, अशी ओढली गेली की रॉड हातातून निसटत होता. झुंबर कमरेइतक्या पाण्यात उतरून ओरडत होता, ढील द्या साहेब, ढील द्या, ओढू नका. दोन किलोचा शिंगाळा. काळपट पाठ, लांब मिशा. झुंबरनं गोळ्याचा वास घेतला. म्हणाला, हे कोणी मळलं. म्हटलं, आमच्या मिसेसनी. म्हणाला, मंग बरोबर हाय.

मी आता घरी निघतो. सगळं ठीक होणार आहे. मला पहिल्यापासून माहीत होतं.

त्याच दिवशी. दुपारी ४.

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

रस्सा मी केला. ती आतून सांगत होती, खोबरं भाजून घ्या, कोकम मागून टाका. वास दरवळला तेव्हा तिनं डोळे मिटून मोठा श्वास घेतला. मी पाहिलं. पहिलं ताट तिचं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा ती आधी, मी मागून. शेपटीकडचा तुकडा, काटा काढून, मऊ भातात कुस्करून.

तिनं घास हातात घेतला, वास घेतला, आणि माझ्या तोंडापुढे धरला. म्हणाली, तुम्ही खा, मी बघते.

मी चिडलो. ओरडलो. दोन महिने थंडीत उभा राहतोय, लोक हसतात, आणि तुला एक घास जात नाही, निदान माझ्यासाठी तरी खा. असं म्हणालो. माझ्यासाठी तरी, असं.

मनाली मला हाताला धरून गॅलरीत घेऊन गेली.

आई मासे खात नाही, पप्पा. २०१४ पासून. तुम्ही आयसीयूत होता तेव्हा तिनं गडावर देवीला सांगितलं, यांना राख, मी मासे सोडते. तिला सगळ्यात जास्त आवडायचं तेच सोडलं. अकरा वर्षं झाली. तुम्हाला खरंच माहीत नव्हतं?

म्हटलं, मग शेपटीकडचा तुकडा.

म्हणाली, गोरक्षला. दर रविवारी डब्यात.

२ फेब्रुवारी, सोमवार.

अकरा वर्षं म्हणजे पाचशेच्या वर रविवार. तिनं मासे धुतले, चिरले, मीठ-हळद लावली, तळले. चव न घेता मीठ कसं बरोबर पडायचं? मी दोन-तीनदा नावं ठेवली होती, हे आठवतं आहे. एकदा जरा कमी आहे म्हणालो होतो.

मी जेवून पेपर घेऊन आडवा व्हायचो. आत ती काय खायची ते मनालीला विचारलं. डाळ आणि भाकरी.

शिंगाळा पातेलंभर उरला होता. खाली गोरक्षला दिला. तो रडला. आज सगळे रडताहेत.

४ फेब्रुवारी, बुधवार.

तिच्याजवळ बसून शांतपणे समजावलं. म्हटलं, हे बघ, मी बरा झालो, काम झालं, आता ते सुटलं. आता खाल्लंस तर देवी काही म्हणणार नाही.

मनाली लहान असताना तिच्याकडे पाहायची, तसं तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, असं कसं सुटेल. तुम्ही आहात ना अजून.

८ फेब्रुवारी, रविवार.

उपाय सापडला. देवीला भेटून तो नवस रीतसर मागे घ्यायचा. सकाळच्या एसटीनं वणी, तिथून गड. पायऱ्या चढणार होतो, धाप लागली म्हणून ट्रॉलीनं गेलो. ती २०१४ साली उपाशीपोटी चढली होती.

लाईनीत दोन तास. वाक्य पाठ केलं होतं. तिचं मासे सोडणं मी परत घेतो आणि बदल्यात माझं काय ते घे, तिला ठेव. समोर उभा राहिलो. वाक्य तोंडापर्यंत आलं. माझं घे, इथपर्यंत. मागची बाई म्हणाली, काका, पुढं सरका.

सरकलो.

रविवारची गर्दी होती. पुजारी घाई करत होते. कोणालाही नीट बोलता आलं नसतं.

घरी आल्यावर चांगुणाला सांगितलं, देवीशी बोललो, सगळं मिटलं. तिनं प्रसादाच्या खडीसाखरेचा खडा जिभेवर ठेवला. म्हणाली, तुम्हाला खोटं बोलता येत नाही हो. आणि माझा हात धरून झोपली. हात तसाच ठेवला, दोन तास. मुंग्या आल्या तरी काढला नाही.

गर्दीमुळे नाही. मी घाबरलो. हे कुठेतरी लिहायला हवं म्हणून इथे लिहितो.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार.

बसलो आहे. दारणा नाही, काही नाही. चमच्यानं पाणी. कधी घेते, कधी ओघळतं. जवळ बसून बरं होत नाही, हे माझं म्हणणं बरोबर होतं. पण दोन महिने आधी बसलो असतो तर दोन महिने बसणं झालं असतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार.

सकाळी सव्वासहाला चांगुणा गेली.

पाच वाजता जागी होती. म्हणाली, तुमच्या हार्टच्या गोळ्या घेतल्यात का. म्हटलं, घेतो. आधी घ्या म्हणाली. घेऊन आलो.

२६ फेब्रुवारी, गुरुवार.

दहावा. गोदावरीवर. केरू आला होता, पार म्हातारा झाला आहे. नैवेद्याचं ताट करताना भटजींनी विचारलं, बाईंच्या आवडीचं काय ठेवायचं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मासे म्हणणार होतो. थांबलो. ते तिनं सोडलेलं. मग काय? भरीत? साबुदाणा? पुरणपोळी ती सगळ्यांना वाढायची, स्वतः खायची का? म्हटलं, मला माहीत नाही.

मनालीनं डाळ आणि भाकरी ठेवली.

८ मार्च, रविवार.

मनाली काल पुण्याला गेली. येता का म्हणून फार मागे लागली होती. म्हटलं, इथे माझी बरीच कामं आहेत.

सकाळी दारणेवर गेलो. रॉड झुंबरला देऊन टाकायला. आता ऊन चांगलंच तापतं. तो म्हणाला, साहेब, आता कुठं मासा खायला लागलाय आन तुम्ही निघाले. मिसेस कशा हायेत? सांगितलं. त्यानं ट्यूब काठावर ओढली, खाली बसला. मग जाळ्यातून एक शिंगाळा काढून पिशवीत घालायला लागला. म्हणाला, घेऊन जा, पैशाचं नाव काढू नका.

म्हटलं, नको, मी मासे सोडले.

म्हणाला, बरं केलं. काय मागितलं देवाला?

मी ॲक्टिव्हा सुरू केली. पहिल्या किकला सुरू होत नाही हल्ली. तो तसाच पिशवी धरून उभा होता.

घरी डाळ लावली. भाकरी थापता येत नाही, पोळपाटावर लाटली, कडेनं फाटली. जेवलो. मीठ कमी पडलं होतं, पण चालतं.

मासे सोडले, हे खरं आहे. हा एक संकल्प मी मोडणार नाही. फक्त बदल्यात मागायला काही उरलेलं नाही.